मावा थोडा राहू द्या

वर्धा-सेलू भागात घरामागच्या वाडीत वांगी, मिरची, दोन ओळी बरबटी लावणाऱ्याशी मित्रकिडींचा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते: ऐकायला बरे वाटते, पण मावा पडला की फवारल्याशिवाय भाजी हाती लागत नाही. हे मत अनुभवातून आले आहे. म्हणूनच तो अनुभव नीट तपासायला हवा.

माव्याची मादी नराशिवाय पिल्ले देते आणि आठवडाभरात ती पिल्लेही विऊ लागतात. ढालकिड्याला मात्र अंड्यातून निघून पुरा वाढायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे मावा आधी वाढणार आणि त्याला खाणारा मागून येणार, हा क्रमच आहे. नेमका या मधल्या दिवसांत आपला धीर सुटतो. फवाऱ्याने दोघेही मरतात. उरलासुरला मावा लगेच सावरतो, ढालकिड्याला मात्र खायलाच उरत नाही. पंधरवड्याने शेंडे पुन्हा भरले की आपण म्हणतो, औषध कमी पडले. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांत हेच घडले. १८८८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून नेलेल्या ढालकिड्याने तिथली खवलेकीड आटोक्यात आणली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचे फवारे सुरू झाले, ढालकिडे मेले आणि दबलेली कीड उसळून आली.

परदेशातले दाखले इथे चालत नाहीत, असे कुणी म्हणेल. मग पपईचे घ्या. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ साली तमिळनाडूत सापडला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. फवाऱ्यांना तो दाद देईना. २०१० साली त्याच्या अंगात अंडी घालणारी एक बारीकशी गांधीलमाशी बाहेरून आणून सोडली, तेव्हा तो आवरला.

बरबटीचा माव्याने काळा पडलेला शेंडा हातात घेऊन पाहा. राखाडी-काळी, काटेरी अंगाची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली एक अळी त्यात फिरताना दिसेल. ती ढालकिड्याचे पिल्लू. मोठा ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, पण या पिल्लाला शत्रू समजून चिरडणारे हात मी वाड्यावाड्यांत पाहिले आहेत. पानाखाली केसासारख्या दोऱ्याच्या टोकावर टेकलेली पांढरी अंडी क्रायसोपा या मित्रकिडीची. मधेच एखादा मावा फुगून तपकिरी, कोरडा झालेला आणि त्याच्या पाठीला गोल भोक. त्यातून आत वाढलेली बारीक गांधीलमाशी बाहेर पडून गेलेली असते. शेंड्यावर असे चित्र असेल तर फवारणी करणे म्हणजे आपलेच राखणदार मारणे.

माझा वाद दुसऱ्या बाजूशीही आहे. सेंद्रियवाले म्हणवणारे काही जण दर आठ दिवसांनी दशपर्णी नाहीतर तंबाखूचा काढा सगळ्या वाफ्यांवर मारतात आणि झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धास्त असतात. तंबाखूतले निकोटिन जहालच विष आहे. मित्रकिडींनाही ते सोडत नाही. पाच टक्के निंबोळी अर्क मला मान्य आहे, पण तो गरज पडली तरच, संध्याकाळी आणि फक्त लागलेल्या शेंड्यांवर. बाटली बदलून सवय तीच राहिली तर मित्रकिडींचे उपासमारीचे दिवस काही संपत नाहीत.

रासायनिक फवाऱ्याची गोष्ट तर त्याहून गंभीर. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५पासून बंदी आहे. तरी कपाशीसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले औषध वाडीतल्या वांग्यावर जाते. बरबटी एक-दोन दिवसांआड तोडायची. फवारणी आणि ताट यांत अंतर राहणार कसे? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ते आठवत असताना पोरांच्या भाजीवर तेच विष मारायला हात कसा धजावतो?

एक आक्षेप मात्र वजनाचा आहे: चहूकडे फवारलेली कपाशी असताना माझ्या चार वाफ्यांचे काय चालणार? चालते, पण तजवीज करावी लागते. भेंडीच्या कडेने बरबटी आणि मक्याची ओळ टाका. बरबटीवरचा काळा मावा सहसा भेंडीवर पडत नाही, ढालकिडे मात्र त्यावर पोसतात आणि तिथून भेंडीकडे वळतात. म्हणून तो मावा थोडा राहू द्यायचा. मुंगळे चढत असतील तर आधी त्यांना अडवा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी ते ढालकिड्यांना हुसकावतात. बांधावर बडीशेप, सांबार फुलू द्या, बारीक गांधीलमाश्यांना त्यातला मध लागतो. वर्ध्यात हा विचार उपराही नाही. 'धरामित्र' आणि 'चेतना विकास' या इथल्याच संस्थांनी शेतकऱ्यांबरोबर बिनविषारी शेतीचे काम केले आहे.

मित्रकिडी सगळेच निभावतील असा माझा दावा नाही. भेंडीवर केवडा आला तर ढालकिड्याची वाट पाहण्यात अर्थ नाही; थोड्याशा पांढऱ्या माश्याही तो रोग पसरवतात, झाड उपटलेलेच बरे. वांग्याचा शेंडा मलूल होऊन माना टाकू लागला की आत अळी शिरली समजा. तो शेंडा चांगला बोटभर खालून खुडा आणि वाडीबाहेर नेऊन जाळा.