पेरणारा एक, मोबाईलमध्ये नाव दुसऱ्याचं

सदर (नागपूर) : कोणाच्या वावरात पऱ्हाटी, कोणाच्या वावरात तूर, हे आधी तलाठी लिहून घ्यायचे. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी आली आणि पिकाचा फोटो काढून नोंद करायचं काम शेतकऱ्याच्याच हातात आलं. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. त्याच वर्षी सीसीआयला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आली. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल.

फायदा नाही असं नाही. घरबसल्या नंबर लागतो, पैसे थेट खात्यात येतात. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याचा माल खपवणंही अवघड होतं.

पण कळमेश्वर, सावनेर, हिंगण्याकडं कितीतरी वावरं ठेक्यानं केली जातात. मालक शहरात नोकरीला, पेरणारा गावात. बी-खत, फवारणी, कर्ज सगळं पेरणाऱ्याचं. अ‍ॅप मात्र गट नंबर आणि आधार विचारतं, आणि ते मालकाचं. गारपिटीची मदत मालकाच्या खात्यात जाते. ती पुढं द्यायची की नाही, हे त्याच्या मनावर.

सातबारा आधीही मालकाचाच होता, हे खरं. पण वावर कोण करतो हे तलाठ्याला, कोतवालाला तोंडओळखीनं माहीत असायचं. मशीनला तोंडओळख नाही.

पीक विम्यासाठी ठेकेदार शेतकऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक तो करून देत नाही. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याची भीती अजून मनातून गेलेली नाही. म्हणून ठेका तोंडीच चालतो, आणि तोंडी ठेका अ‍ॅपला दिसत नाही.

बाईमाणसाचंही तेच. निंदण, वेचणी तिची. सातबारा नवऱ्याचा, मोबाईल पोराचा. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जानं बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढतं. तेवढं केलं तर तिची शेतकरी म्हणून नोंद होऊ शकते.

जून २०२५ मध्ये राज्यानं शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं. उद्या सल्ला, कर्ज, मदत याच माहितीवर ठरणार. त्याआधी एक रकाना वाढवायला पाहिजे : जमीन कोणाची हे आहेच, पण कसतो कोण? मालकी हक्काला धक्का न लावता ही नोंद घेता आली, तरच नुकसानीचे पैसे नुकसान झालेल्याच्या हातात पडतील.