कपाटातली आगोट

महिन्याची वीस तारीख उलटली की रूमवर काय शिजतं? मॅगी. एकवीस तारखेलाही मॅगीच. कंटाळा आला की अ‍ॅपवरून बिर्याणी, आणि मग पुढचे दोन दिवस वडापाव. त्यात तुम्ही मासे खाणाऱ्या घरातले असाल तर विचारूच नका. मेसमध्ये एखाद्या रविवारी चिकन मिळेलही, मासा कुठला? स्वतः आणावा तर साफ कोण करणार, फ्रीज कुठाय, आणि तळणीचा वास सुटला की अख्खा मजला दारात!

माझं म्हणणं साधं आहे : कपाटात माशाचा एक डबा आणि एक बरणी ठेवाच.

लगेच नाक मुरडू नका. ‘मासा ताजाच हवा’ म्हणणाऱ्या घरांतही मे महिन्यात आगोटीची तयारी होतेच ना? पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवतात. गोव्यात व्हिनेगर-मिरचीत मुरलेला कोलंबीचा बलचाव बरणीत भरतात. म्हणजे टिकवलेला मासा आपल्याला परका नाहीच. परका आहे तो पत्र्याचा डबा. पण त्यातही काही जादू नाही. फ्रान्सच्या निकोला आपेरनं काचेच्या बरणीत अन्न भरून, घट्ट बंद करून पाण्यात उकळायची रीत १८१० मध्ये पुस्तकातून जाहीर केली. आजही तत्त्व तेच आहे : हवाबंद करा, उष्णतेनं जंतू मारा.

आता करायचं काय? डब्यातला ट्यूना म्हणजे आपला कुपा. कांदा, मिरची, टोमॅटो परतून त्यात तो मोकळा करा, वरून लिंबू पिळा. पावात भरा, झाली भुर्जी! सार्डिन म्हणजे तारली. डब्यातल्याच तेलात लसूण आणि मालवणी मसाला परता, दोन आमसुलं आणि थोडं पाणी घाला, उकळी आली की मासे सोडा. भात तयार असेल तर दहा मिनिटांत जेवण. तारलीचे काटे डब्यात मऊ झालेले असतात, ते टाकू नका, कॅल्शियम त्यातच आहे. बलचाव असेल तर गरम भातावर चमचाभर पुरतो.

डबा फार स्वस्त नसतो, मान्य. पण दोघांत एक घेतला तर बाहेरच्या पार्सलपेक्षा परवडू शकतो, आणि प्रथिनं मिळतात ती वेगळीच. मीठ मात्र जास्त असतं, म्हणून वरून घालताना हात आखडता. फुगलेला डबा घेऊ नका. उघडल्यावर उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर त्याच वेळी संपवा.

जिथे नॉनव्हेजला मनाई आहे तिथे लपूनछपून खा, असं मी सांगत नाहीये. तो वाद उघडपणेच घालायला हवा. पण जिथे अडचण फक्त आळसाची आणि ‘मला नाही जमत’ची आहे, तिथे सबब चालणार नाही. घर सोडून शिकायला आलोय, तर रात्रीचं जेवण दुसऱ्याच्या स्कूटरवरून येण्याची वाट किती दिवस बघायची? एक कढई, एक डबा, मूठभर तांदूळ. आज रात्रीच करून बघा.