गुलमर्गचा नंबर कितवा? आधी बर्फ पडला का ते विचारा

थंडी सुरू झाली की जगातल्या उत्तम स्की रिसॉर्टच्या याद्या निघतात. त्यात गुलमर्ग दिसलं की आम्हालाही बरं वाटतं. पण या नंबरांवर आता कोण चालतं?

अमेरिकेत २००८ साली व्हेल कंपनीने एपिक पास आणला. एकदा पैसे भरा, सीझनभर कंपनीच्या डोंगरांवर स्की करा. मग लोक यादीपेक्षा पास कुठे चालतो ते बघू लागले. २०१६ मध्ये याच कंपनीने कॅनडातलं व्हिसलर घेतलं. ते याद्यांमध्ये आधीपासून वरच होतं, म्हणजे नंबर अगदीच फुकट जात नाही. पण आमच्या मते खरा डाव पास विकण्याचा.

गुलमर्गमध्ये तर उलटंच झालं. पैसा सरकारने आधी घातला. गंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये झाला, दुसरा २००५ मध्ये थेट अफरवटपर्यंत. परदेशी स्कीवाल्यांची रीघ त्यानंतरची.

आणि मग जानेवारी २०२४ मध्ये उतार कोरडे पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाचे सामने पुढे ढकलावे लागले. एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला, २६ जीव गेले, बुकिंगं धडाधड रद्द झाली. तेव्हा कुठली यादी कामी आली? मोठा हॉटेलवाला एखादा सीझन काढतो. स्लेज ओढणारा, घोडेवाला, गाईड यांची चूल मात्र रोजच्या कमाईवर पेटते. काश्मीरला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी निघण्याआधी नंबर नाही, तिथल्या गाईडला फोन करून बर्फाचं विचारावं.