पुन्हा आलेली उकळी

२० फेब्रुवारी २०२४. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी सप्ताह चालू होता, एकादशी होती, प्रसादाला भगर आणि आमटी होती. प्रसाद घेतल्यावर काही तासांतच दोनशेहून जास्त माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बिबीच्या रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर झाडांना दोर बांधले, दोरांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि बायका, म्हातारी माणसं, पोरं उघड्यावर त्यांच्याखाली निजली. ते छायाचित्र मी अजून विसरलेलो नाही.

अशी घटना घडली की गावोगावच्या पारावर तीच वाक्यं ऐकू येतात. देवाचा प्रसाद कधी बाधत नाही, कुणीतरी काहीतरी कालवलं असणार. अन्नाला वास नव्हता. वाढायच्या आधी पुन्हा खळखळून उकळलं होतं. आणि शेवटी, आमच्या बापजाद्यांनी हेच खाल्लं, त्यांना काही झालं नाही. बोलणारी माणसं प्रामाणिक असतात. पहाटेपासून चुलीशी राबलेली असतात. म्हणूनच त्यांना मूर्ख ठरवून गप्प बसवणं मला मान्य नाही. त्यांच्या म्हणण्याला उत्तर दिलं पाहिजे.

उकळीपासूनच सुरुवात करतो, कारण तिच्यावर आपला सर्वांत जास्त भरवसा आहे आणि त्यात निम्मं सत्यही आहे. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं तरी क्षयाचे, विषमज्वराचे जंतू मरतात. घरी आपण दूध उतू जाईपर्यंत तापवतो, ते योग्यच आहे. पण जिवंत जंतू मरणं वेगळं आणि त्यांनी अन्नात सोडलेलं विष नाहीसं होणं वेगळं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात असतो. भात शिजतो तेव्हाही बीजाणू तग धरतात. भात कोमट होऊन तसाच राहिला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात, त्यानं खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपला प्रेशर कुकरच जेमतेम त्या तापमानाला पोचतो. मग रात्रीच्या भाताला सकाळी दिलेली फोडणी काय करणार?

दुसरा जंतू माणसाच्याच अंगावर राहतो. नाकात, बोटावरच्या चिघळलेल्या जखमेत, फोडात स्टॅफिलोकॉकस असतो. खवा मळणाऱ्याच्या, पेढे वळणाऱ्याच्या हातावर पिकलेला फोड असला की तो पेढ्यात उतरतो. त्याचंही विष उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही.

तिसऱ्याचं घर म्हणजे पंगतीचं मोठं पातेलं. हजार माणसांची आमटी सकाळी उतरवतात, झाकण घालतात, वर ओलं फडकं टाकतात आणि दुपारच्या पंगतीची वाट पाहतात. बाहेरून पातेलं निवतं, पण पोटात ती तासन् तास कोमट राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूला हीच ऊब हवी असते, आणि ४३ ते ४७ अंशांच्या उबेत तो दहा-बारा मिनिटांतच दुप्पट होतो. वीस मिनिटं धरली तरी एका जंतूचे सात तासांत वीस लाख होतात. वाढताना खाली जाळ लावून वरवर बुडबुडे आले, की आपण त्याला उकळी म्हणतो. तळ करपतो आणि मधलं नुसतं कढत होतं, इतकंच.

वास नव्हता, हे म्हणणं तर मी पूर्ण मान्य करतो. नव्हताच. अन्नाला वास आणणारे, तार सुटवणारे, ते आंबवणारे जंतू बहुधा निराळे असतात आणि माणसाला आडवं करणारे निराळे. आंबलेल्या वरणाची आपल्याला किळस येते म्हणून ते गाईपुढे जातं. घातक वरण मात्र चांगलं दिसतं, चांगलं लागतं, पोटभर खाल्लं जातं. नाक हा चांगला राखणदार आहे, पण या चोराला तो ओळखत नाही.

भगरीचा घोर याहून वेगळा आहे. नवरात्र आणि महाशिवरात्र आली की अन्न व औषध प्रशासन भगरीबद्दल सूचना काढतं, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून विषबाधेची बातमी येतेच. दमट हवेत भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते, तिच्यात फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषं तयार होतात. मग मळमळ, चक्कर, अंगाला थरथर. भगरीचं पीठ तर ओल पटकन ओढून घेतं. दुकानात महिनोन् महिने उघड्या पोत्यात पडलेली भगर चाळली, धुतली, शिजवली, तरी विष दाण्यातच राहतं.

बुरशी लागलेलं धान्य उन्हात घातलं की झालं, असं म्हणणाऱ्यांना १९७४ सालची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षी अवकाळी पावसात मका भिजला. राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या दोनशेहून जास्त गावांतल्या आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरं काही नव्हतं. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिननं त्यांच्या यकृताचा घात केला. ३९७ जणांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, १०६ जण दगावले. त्यांच्या घरची भाकरी खाणारी कुत्रीही मेली. भाकरी रोज तव्यावर खरपूस भाजली जात होती.

राहता राहिला बापजाद्यांचा दाखला. त्यांना काही झालं नाही, हे खरं नाही. हगवणीनं गेलेली पोरं कुणी मोजली नाहीत, एवढंच. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं मरतात. सवय लागते म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. शिवाय हे केवळ गरिबांचं, खेड्यातलं दुखणं आहे असंही नाही. २०११ साली जर्मनीत, स्वच्छतेत नाव असलेल्या देशात, मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय पसरला आणि पन्नासहून जास्त माणसं मेली. ती मेथी एका सेंद्रिय शेतातली होती. आपल्याकडे मोड आलेली कडधान्यं शिजवून उसळ करतात, याचं मला नव्यानं मोल वाटलं.

माझं म्हणणं जंतूंची दहशत घाला असं मुळीच नाही. दही, ताक, आंबील, इडलीचं पीठ ही जंतूंचीच कामगिरी आहे. सगळं पाकीटबंद खा म्हणणारे आजीच्या स्वयंपाकघराचा अपमान करतात. तिचे नियम पक्के होते. दोन वेळा चूल, उरलेलं रात्र ओलांडू द्यायचं नाही, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा नाही, पापड-कुरडया कडकडीत वाळल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. पाणी काढून घेणं, मीठ, आंबटपणा आणि वेळ या चारांवर तिनं जंतूंना आवरलं. फक्त तिनं दोन हजार माणसांचा स्वयंपाक कधी केला नव्हता. महाप्रसादाचं पातेलं नवं आहे, त्यावरचा विश्वास मात्र आपण तिच्या पातेल्यावरून उसना घेतला आहे.

तो विश्वास सार्थ करता येतो. अन्न एकदम न शिजवता पंगतीगणिक शिजवावं. गरम ६० अंशांवर ठेवता येत नसेल तर दोन तासांच्या आत संपवावं. उरलेलं पसरट परातीत काढून लवकर निववावं. भगर पाकीटबंद आणि तारीख पाहून घ्यावी, पीठ घरी, लागेल तेवढंच दळावं. हाताला जखम असलेल्यानं वाढायला उभं राहू नये, त्याच्या भक्तीला दुसरी कामं पुष्कळ आहेत. धार्मिक वा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांनी नोंदणी करावी असं २०११ पासून अन्न सुरक्षा नियमांतच आहे, पण किती मंडळांना ते ठाऊक आहे? नोंदणी मागितली की देवावर अविश्वास दाखवला असं वाटतं. मला वाटतं, देवाच्या नावानं वाढताना जास्तच जपायला हवं.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या सप्ताहात आचाऱ्यानं भाताचे तीन घाणे काढायचं ठरवलं. तिसरी पंगत पत्रावळी मांडून अर्धा तास नुसती बसून राहिली. काहींनी कुरकूर केली, एक मामा तर उठून गेले. आचारी चुलीपासून हलला नाही, झाकण उचलून शीत दाबून पाहत राहिला. मग दोघांनी पातेलं धरून आणलं. वाढप्याच्या हाताला चटका बसत होता, आणि शेवटच्या पानापर्यंत भातातून वाफ निघत होती.