तपासणी कामापुरती असावी

‘पगार देणाऱ्याला नव्या माणसाच्या प्रकृतीची सगळी माहिती हवीच’ हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच पटते. बसचालकाची नजर तपासू नये, असे कोण म्हणेल? पण कारकुनाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये आईच्या मनोविकाराचा प्रश्न कशाला?

असे प्रश्न न्यायालयापर्यंतही गेले आहेत. आयुर्विमा महामंडळाने नीरा माथुर या आपल्या कर्मचारी महिलेला प्रोबेशनवर असतानाच काढले. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, आणि फॉर्ममध्ये शेवटच्या पाळीची तारीख खोटी लिहिली, असा महामंडळाचा दावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यांना परत घ्यायला लावले, शिवाय पाळी, गर्भधारणा, गर्भपाताचे ते रकाने काढून टाका, असेही सुनावले. पुढे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराला न्याय दिला: काम करण्याइतकी प्रकृती धड असेल तर केवळ त्या कारणाने नोकरी नाकारता येत नाही. २०१७ च्या कायद्याने तर नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अटच बेकायदा ठरवली.

‘लपवणारेच घाबरतात’ हे त्या पत्रलेखकांचे वाक्य मात्र झोंबले. आमच्या कचेरीत प्रकृतीचे भरलेले फॉर्म शिपायाच्या टेबलावर उघडे पडलेले असत. चहा पिता पिता कोणीही चाळावेत! डॉक्टरांनी ‘कामास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढेच लिहून द्यावे. कंपनीला त्याहून जास्त कशासाठी हवे, ते पत्रलेखकांनी पुढच्या पत्रात सांगावे.

– एक निवृत्त कर्मचारी, ठाणे