गीझरची ज्योत आणि स्नानगृहातील हवा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब कोसळले आणि दापोली तालुक्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. हर्णेसारख्या बंदराच्या गावाला वीज जाणे नवे नाही. त्यामुळे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा व्यापारी घरांना विजेशिवाय चालणारा गॅस गीझर सोयीचा वाटतो. पहाटे स्नान करून पूजेस बसणाऱ्यांना दोन मिनिटांत ऊन पाणी मिळते. मात्र हे यंत्र बिघडले की त्याची दोन रूपे दिसतात. एका रूपात केवळ पाणी थंड येते, दुसऱ्यात माणूस दगावतो. हा भेद घरातील प्रत्येकास कळला पाहिजे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. नळ उघडताच वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो व एक छोटा स्विच दाबला जातो. बॅटरीतील दोन मोठ्या सेलांवर ठिणगी पडू लागते, गॅसची विद्युत-झडप उघडते आणि ज्योत पेटते. ज्योतीजवळची एक बारीक तार ज्योत खरोखर पेटली की नाही हे पाहते. ज्योत नसेल, तर झडप आपोआप बंद होते. पाणी, सेल, गॅस, ठिणगी आणि ज्योत हा क्रम ध्यानात ठेवला, तर दोष शोधणे हिशेबातील चूक शोधण्यासारखेच आहे. पहिल्या रकमेपासून तपासत यावे.

नळ उघडूनही ठिणगीचा टकटक आवाज आला नाही, तर दोष पाण्यात किंवा सेलांत असतो. पंधरा लिटरची बादली गीझरच्या नळाखाली ठेवून घड्याळ लावावे. ती भरण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर प्रवाह अपुरा आहे. शेजारचा थंड पाण्याचा नळ जोराने वाहत असेल, तर गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने तुंबली आहे असे समजावे. पाण्याला गाळणे लावण्याचा संस्कार ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरात ही जाळी मात्र वर्षानुवर्षे उघडली जात नाही. गॅस व पाणी बंद करून ती काढावी व जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी. दोन्ही नळ मंद असतील, तर टाकीची उंची कमी आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक बार दाब मिळतो. कंपनीच्या पुस्तिकेतील किमान दाबाशी हे ताडून पाहावे.

पाणी ठीक असेल, तर सेल पाहावेत. सुवर्णदुर्गाच्या बाजूने येणारा खारा वारा धातूला सोडत नाही. सेलांच्या पेटीतील पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचते. ती कोरड्या फडक्याने पुसून दोन्ही सेल एकाच वेळी नवे घालावेत. एक जुना व एक नवा सेल ही काटकसर उपयोगाची नाही.

टकटक होते पण ज्योत पेटत नाही, अशा वेळी सिलिंडर व रेग्युलेटर तपासावे. नवे सिलिंडर जोडल्यावर नळीत हवा राहते, म्हणून दोन-तीन वेळा नळ उघडबंद करावा लागतो. सेल क्षीण असले, तर ठिणगी पडते पण झडप उघडण्याइतकी शक्ती उरत नाही. पेटलेली ज्योत काही सेकंदांत विझत असेल, तर ज्योत ओळखणाऱ्या तारेवर काजळी आली असेल किंवा ती जागची हलली असेल. हे काम प्रशिक्षित कारागिराचे आहे. बराच वेळ चालल्यावर गीझर बंद पडणे मात्र नेहमीच बिघाड नसतो. अनेक गीझर सुमारे वीस मिनिटांनी स्वतःहून थांबतात.

आता दुसऱ्या प्रकारचे दोष. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली, यंत्राच्या वरच्या भागावर काजळी धरली, पेटताना भप्पकन आवाज आला किंवा नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली, तर गॅस तत्काळ बंद करावा. दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती कधीही शोधू नये. एलपीजी हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा व बाहेर येऊन १९०६ क्रमांकावर कळवावे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी.

सर्वांत मोठा दोष मात्र यंत्रात नसून ते बसवलेल्या जागेत असतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यास सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे जवळपास दोन घनमीटर हवा खर्च होते. पाच फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच स्नानगृहात एकूण हवाच साडेचार घनमीटर असते. त्यातच पावसाची झड आत येऊ नये म्हणून झरोक्याला प्लास्टिक बांधलेले असते. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, पाय लुळे पडतात आणि कडी काढण्याचेही बळ उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अशीच स्नानगृहात बेशुद्ध पडली व पुढे दगावली. मार्च २०२३ मध्ये होळीच्या दिवसांत घाटकोपरला एक दांपत्य स्नानगृहात मृत आढळले, तेव्हाही गॅस गीझरच्या वायूचाच संशय व्यक्त झाला.

म्हणून गीझर स्नानगृहाबाहेर, उघड्या सज्जात किंवा वारा खेळेल अशा जागी असावा आणि धूर बाहेर नेणारी नळी त्याला असावी. तो आतच असेल, तर जागा बदलेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, आतली हवा बदलू द्यावी व मगच स्नानास जावे. अप्‌काय आणि अग्निकाय जीवांविषयी यतना सांगणाऱ्या धर्मात शॉवरपेक्षा बादली बरी, हे वेगळे सांगावयास नको. तसेच गीझरचे पाणी उकळलेले नसते. तपस्व्यांसाठी लागणारे पक्के पाणी चुलीवरच उकळावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे आवर्जून सांगावे.

पावसाळा सरला की दिवाळीपूर्वी दुकानाच्या वह्या बदलतात. त्याच आठवड्यात जाळी धुणे, सेल बदलणे, नळीवरील वर्ष पाहणे, झरोक्यावरचे प्लास्टिक काढणे आणि कारागिराकडून ज्योत तपासून घेणे ही पाच कामे उरकावीत व त्यांची तारीख गीझरवर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहून ठेवावी.