हिरव्या पाटीचा हिशेब

ठाण्याहून कशेळीचा खाडीपूल ओलांडून काल्हेरात शिरताना अलीकडे हिरव्या पाटीची वाहने वरचेवर दिसतात. पाटीवरची अक्षरे पांढरी असली तर वाहन खाजगी, पिवळी असली तर व्यावसायिक. ‘या गाड्यांचे प्रदूषण शून्य’ हे वाक्य आपण सुभाषितासारखे उच्चारू लागलो आहोत. ते तपासून पाहायला हवे.

विजेच्या गाडीला धुराडे नसते हे खरे. पण तिची वीज जिथे तयार होते तिथे ते असते. चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राभोवती राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय बॅटरी घडवतानाच बराच कर्बवायू हवेत गेलेला असतो. म्हणजे ही गाडी रस्त्यावर येते तीच कर्ज डोक्यावर घेऊन.

हे कर्ज फिटते का? फिटते. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेच्या 2021च्या अभ्यासानुसार, भारतात मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोलच्या गाडीपेक्षा 19 ते 34 टक्क्यांनी कमी भरते. युरोपात हाच फरक 66 ते 69 टक्के आहे. या तफावतीचे मोठे कारण म्हणजे आपला कोळसा.

आता ढोबळ हिशेब मांडू. खनिज तेल काढणे, शुद्ध करणे हे सारे धरून पेट्रोलच्या गाडीचे किलोमीटरमागे सुमारे 185 ग्रॅम. वहनातली गळती धरून विजेच्या गाडीचे सुमारे 125. बचत 60 ग्रॅमची. बॅटरीचे कर्ज अडीच टन मानले, तर ते फिटायला चाळीस हजार किलोमीटर लागतात. रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी ते साधारण तेरा महिन्यांत फेडील. रोज वीस किलोमीटर जाणारीला साडेपाच वर्षे लागतील.

म्हणून मला वाटते, सवलतीचा पहिला मान पिवळ्या अक्षरांचा आहे. काल्हेरच्या गोदामांतून दिवसभर माल वाहणारी वाहने आधी विजेवर यावीत, आणि दुपारी माल भरताना सौर विजेवर भारित व्हावीत. इमारतीखाली आठवडाभर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या गाडीला हिरवी पाटी लावून मनाचे समाधान होईल. चंद्रपूरच्या आकाशाला त्याचा उपयोग नाही.